वर्ध्याने वळवलेला पाद्री

वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं नाव निघालं की १९२८ साली दलितांसाठी खुलं झालेलं लक्ष्मीनारायण मंदिर आठवतं. त्यांनी एका इंग्रज पाद्र्याची वाट बदलली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

व्हेरियर एल्विन सिएरा लिओनच्या बिशपचा मुलगा. ऑक्सफर्डहून १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि गांधीजींच्या जवळ गेले. गरिबांत जाऊन राहायचं होतं, पण कुठे? बजाजांनी गोंडांचा मुलूख सुचवला. तिकडे ना मिशनरी फिरकत होते, ना राष्ट्रीय कार्यकर्ते.

त्याआधी सरहद्दीची एक वारी घडली. जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर एल्विन पेशावरला गेले, खुदाई खिदमतगारांवरील दडपशाहीची माहिती जमवली आणि सरकारने त्यांना प्रांताबाहेर काढलं. त्या चळवळीचे नेते खान अब्दुल गफारखान पुढे १९३४ मध्ये वर्ध्यातच बजाजांचे पाहुणे होते.

सरहद्दीहून परतल्यावर, जानेवारी १९३२ च्याच अखेरीस एल्विन आणि शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला पोचले. नागपूरचे बिशप सरकारनिष्ठेची शपथ मागत होते. एल्विननी ती घेतली नाही, १९३५ मध्ये चर्चही सोडलं. मग बैगा, अगरिया, मुरिया या जमातींवरचे ग्रंथ आले. धर्म शिकवायला आलेला माणूस आदिवासींची गाणी, कथा आणि भिंतीवरची चित्रं टिपू लागला.

१९५४ साली ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाचे सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. त्या सीमा प्रदेशातल्या कलेवरचं त्यांचं पुस्तक १९५९ चं. त्यात मोनपांचे लाकडी मुखवटे आहेत, मिश्मींचं विणकाम आहे, शत्रूची शिरं आणण्याच्या जुन्या प्रथेशी नातं सांगणारं वांचोंचं कोरीवकामही आहे. या लोकांपाशी कलाच नाही, असं मानणाऱ्यांना याहून ठोस उत्तर नाही.

एल्विन यांच्या कीर्तीत शामरावांचा वाटा फार कमी मोजला गेला, आणि तो अन्यायच आहे. प्रधान या आदिवासी जमातीवरचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९४६ चा. दोघे मित्र ज्या पाटणगढला राहिले, त्याच गावातून पुढे जनगढसिंह श्याम हे प्रधान चित्रकार जगापुढे आले. मराठी वाचकांनी शामरावांचं ते पुस्तक शोधून वाचावं.