उण्या छातीची गोष्ट

‘पोलंड’ म्हटले की वाचकांना युरोपातला देश आठवेल. पण वैद्यकाच्या इतिहासातला पोलंड म्हणजे लंडनच्या गायज् हॉस्पिटलातला एक विद्यार्थी, आल्फ्रेड पोलंड. १८४१ साली एका मृत कैद्याचे शवविच्छेदन करताना त्याला आढळले की, एका बाजूस छातीचा मोठा स्नायू बव्हंशी नाहीच! त्याने ते टिपून प्रसिद्ध केले. त्या कैद्याचा जुळलेल्या बोटांचा हात मात्र संग्रहालयात पडून राहिला. पुढे १९६२ साली त्याच रुग्णालयातील पॅट्रिक क्लार्कसन यांनी या जन्मजात उणिवेस पोलंडचे नाव दिले. ज्या स्त्रीत ती असते, तिचा त्या बाजूचा स्तन लहान राहतो, क्वचित नसतोच.

निसर्गाने जे वजा केले, तेच पुढे शस्त्रानेही वजा केले. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत कर्करोगग्रस्त स्तनाबरोबर छातीचा स्नायूही काढीत. मागे उरत त्या कातडीखालच्या बरगड्या. इटलीतील पाविया येथे इजिनिओ तान्सिनी यांनी पाठीचा रुंद स्नायू कातडीसह पुढे वळवून ती जखम झाकली. १९०६ साली त्यांनी ही रीत सविस्तर मांडली. परंतु हॉल्स्टेड अशा भरणीच्या विरुद्ध, आणि त्या काळी त्यांचा शब्द प्रमाण! तान्सिनींची युक्ती अडगळीत गेली. १९७० नंतरच्या दशकात जर्मनी-अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनी ती पुन्हा उजेडात आणली, आणि मग पोलंडच्या उण्या छातीलाही ती उपयोगी पडली.

मला खरा पेच दिसतो तो पुढे. जन्मतःच उणी छाती घेऊन आलेल्या स्त्रीलाच कर्करोग झाला तर? १९६२ साली ह्यूस्टन येथे सिलिकोनची पिशवी प्रथम स्त्रीच्या छातीत बसविली गेली. स्तन काढल्यावर अशी पिशवी स्नायूखाली झाकण्याची रीत रूढ झाली. पण इथे तो स्नायूच नाही. पाठीचा आणावा, तर काही जणींत तोही अपुरा. म्हणून शस्त्र उचलण्याआधी पाठ नीट तपासावी लागते. तीही रिती निघाली, तर पोटाच्या कातडीचरबीचा आधार घेता येतो. तो मार्ग १९८२ साली अमेरिकेतील कार्ल हार्टरॅम्फ यांनी दाखविला.

भरणी करून घ्यावी की नाही, हे ज्या त्या स्त्रीने ठरवावे. कित्येक जणी नको म्हणतात, आणि तेही योग्यच. पण जी हवी म्हणते, तिची ती हौस समजू नये. एका बेवारशासारख्या पडलेल्या देहात काय नाही, हे एका विद्यार्थ्याने मन लावून पाहिले, त्याचे ऋण तिच्यापर्यंत पोहोचले आहे.