साताऱ्याचा तह: एक मजकूर, दोन अर्थ

१/ १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. बादशाही खिळखिळी झाली असतानाही तिची मोहोर का हवी होती? कारण त्या काळी सामर्थ्य आणि अधिमान्यता या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

२/ मराठी राज्यातही तेच दिसते. कारभार पुण्याचा, परंतु पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. सत्तेचे असे थर होते.

३/ ईस्ट इंडिया कंपनीला हे थर मान्य नव्हते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने तिने प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या वारसांना निरंतर राज्य दिले. पण बाहेरच्या सत्तांशी परस्पर पत्रव्यवहाराची मनाई केली. त्याच सुमारास सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कंपनीच्या लष्करी चाकरीऐवजी मुलूख सोडणे पत्करले.

४/ मराठे गोव्याच्या पोर्तुगीजांशी पूर्वापार तह करीत आले होते. आता त्यांच्याशी संधान बांधणे हा राजद्रोह ठरला. याच आरोपासह इतर आरोप ठेवून १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले.

५/ त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० ते १८५३ लंडनमध्ये दाद मागत राहिले. दरम्यान १८४८ मध्ये शहाजीराजे वारले. त्यांचे दत्तकविधान कंपनीने अमान्य केले आणि सातारा खालसा झाला.

६/ धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हाही वारसच. परंतु तहातील ‘वारस’ या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा, हे कंपनीनेच ठरवले. सांगली संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले.