वैद्य उठून गेल्यावर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी वैद्य, औषध आणि रोगी या तिघांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. उपस्थाता हा मात्र यादीत वाचून पुढे जाण्याचा शब्द ठरला. त्याचा सरळ अर्थ जवळ उभा राहणारा. आजच्या भाषेत परिचारक किंवा परिचारिका. चरकाने या उपस्थात्याचेही चार गुण दिले आहेत : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. त्यांत अनुरागाच्या आधी ज्ञान येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच सूत्रस्थानात लगेच पुढच्या अध्यायात दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असा तो इशारा आहे. म्हणजे आता उपाय नाही हे ओळखून वैद्याने उठून जाणे शास्त्रसंमत होते. ग्रीक वैद्यकातही याच जातीचा सल्ला आढळतो. मग प्रश्न उरतो तो उपस्थात्याचा. वैद्य उठून गेल्यावर, ज्याच्या नावातच जवळ उभे राहणे आहे, त्याने काय करायचे?

साहित्याच्या वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. टॉल्स्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) या कथेत डॉक्टर मूत्रपिंड की आतडे या वादात गुंतलेले असतात. घरचे लोक 'बरे वाटेल' या खोट्यात सामील झालेले असतात. रुग्णाला खरा विसावा मिळतो तो गेरासिम या शेतकरी नोकराकडून. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो आणि त्याच्याशी खोटे बोलत नाही. ही कथा शिकवताना आपण गेरासिमच्या भोळ्या चांगुलपणावर भर देतो. पण पाय उंच धरले की वेदना कमी होते, हे त्याला कळलेले असते, आणि हे चांगुलपणापेक्षा वेगळे आहे. ते निरीक्षण आहे. या निरीक्षणाचे पुढे काय झाले, ते ज्ञान म्हणून कोणी आणि केव्हा मान्य केले, हा आमच्या मते विसाव्या शतकातील वैद्यकाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा आणि काहीसा दुर्लक्षित भाग आहे.

त्या इतिहासाच्या मध्यभागी सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांचे नाव येते. ऑक्सफर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून १९४० मध्ये, ऐन युद्धकाळात, त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये स्थापन केलेली शाळा ती हीच. नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९ च्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते, आणि आजाऱ्यापुढे पोकळ आशेची बडबड करणाऱ्यांचा समाचारही घेतला होता. त्या परंपरेत साँडर्स घडल्या. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे रुग्णांना उचलण्याचे, कुशीवर वळवण्याचे काम त्यांच्याने होईना. परिचारिकेची नोकरी सुटली आणि त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या.

१९४८ च्या आरंभी डेव्हिड टास्मा हा वॉर्सॉहून आलेला ज्यू तरुण कर्करोगाने मरणपंथाला लागला होता. परक्या देशात त्याचे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्यापाशी जाऊन बसत, आणि मरणाऱ्या माणसांसाठी वेगळी जागा असावी, याविषयी दोघे बोलत. जाताना त्याने त्या अजून नसलेल्या वास्तूच्या खिडकीसाठी ५०० पौंड मागे ठेवले. वास्तू उभी राहायला पुढे एकोणीस वर्षे लागली.

या कथेचा हृद्य भाग बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. आम्हाला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच वर्षापासून साँडर्स लंडनच्या सेंट ल्यूक्स या संस्थेत संध्याकाळच्या वेळी स्वेच्छेने काम करू लागल्या. मरणासन्न गरिबांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली ही संस्था. तिथे त्यांना एक रीत दिसली. मोठ्या रुग्णालयांत मॉर्फिन दिले जाई ते रुग्ण कळवळून मागेल तेव्हा. सेंट ल्यूक्समध्ये ते तोंडावाटे, ठराविक तासांनी, आधीच्या मात्रेचा परिणाम ओसरण्यापूर्वीच दिले जाई. फरक वरवर लहान दिसतो. परिणाम मोठा होता. मागणीनुसार औषध मिळणारा रुग्ण वेदना आणि गुंगी यांच्यामध्ये हेलकावत राहतो. पुढच्या कळेच्या भीतीने घड्याळाकडे पाहत राहतो. वारंवार मागतो म्हणून तो व्यसनी ठरतो. वेळेवर औषध मिळणारा रुग्ण मात्र जागा असतो; बोलतो, खातो, निरोप घेऊ शकतो.

ही रीत ज्या प्रकारच्या लक्ष देण्यावर उभी आहे, ते परिचारिकेचे लक्ष आहे. रुग्णाच्या उशाशी डॉक्टर दिवसातून काही मिनिटे असतो. चुळबुळ कितव्या तासाला सुरू होते, कोणत्या कुशीवर श्वास मोकळा होतो, पाठीवर लाली कुठे उमटू लागली, ओठ कोरडे पडले का, रात्री तीन वाजता माणूस वेदनेने जागा आहे की भीतीने, हे जिला ठाऊक असते ती रात्रपाळीची परिचारिका. हे ज्ञान तिच्या नोंदवहीत राहते आणि पाळी बदलताना तोंडी पुढे जाते. त्यावर कोणाचे नाव नसते.

याच ठिकाणी या इतिहासातील विपर्यास दिसतो. मरणाऱ्या रुग्णांसाठी काम करायचे आहे, असे साँडर्स यांनी डॉ. नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकांना सांगितले, तेव्हा आधी डॉक्टर हो, असा सल्ला त्यांना मिळाला. मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच आणि डॉक्टर ऐकतील ते डॉक्टरांचेच, हा त्यामागचा आशय. सल्ला खरा होता म्हणूनच तो बोचतो. वयाच्या तिशीनंतर त्यांनी वैद्यकाचा अभ्यास आरंभला, १९५७ मध्ये पदवी मिळवली आणि पुढील वर्षापासून धर्मभगिनी चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये सेंट ल्यूक्सची रीत लागू करून त्याच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. रुग्णांचे बोलणे त्यांनी टिपून घेतले, ध्वनिमुद्रित केले. १९६४ च्या सुमारास मांडलेली त्यांची 'समग्र वेदना' ही संकल्पना या ऐकण्यातूनच आली : शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि अर्थ हरवल्याची जाणीव ही एकाच वेदनेची अंगे आहेत. जे परिचारिकेने पाहिले ते जगाने डॉक्टरकडून ऐकले. सुदैवाने या वेळी दोन्ही व्यक्ती एकच होत्या.

साँडर्स स्वतः मात्र हे ऋण विसरल्या नाहीत. मरणासन्नांच्या शुश्रूषेवरील त्यांची सुरुवातीची महत्त्वाची लेखमाला १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली ती 'नर्सिंग टाइम्स' या परिचारिकांच्या पत्रात. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि दोनच वर्षांत तेथील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. अमेरिकेत हा विचार रुजवला तोही एका परिचारिकेने. येल विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी १९६३ मध्ये साँडर्स यांचे व्याख्यान ऐकले, पुढे अधिष्ठातापद सोडले आणि १९७४ मध्ये कनेटिकटमध्ये तिथले पहिले हॉस्पिस सुरू करण्यात पुढाकार घेतला.

आता आपल्याकडे वळू. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. लुईस जोस डिसूझा हे त्याचे संस्थापक. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनाशमनाची तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील दोन तत्त्वे, औषध तोंडावाटे द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, ही सेंट ल्यूक्सच्या वॉर्डातील जुनी रीतच होती. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा आला होता. त्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. जो देश औषधासाठी अफू पिकवतो आणि निर्यात करतो, त्याच देशात वेदनेने तळमळणाऱ्याला मॉर्फिन दुर्मीळ झाले. कायद्यात सुधारणा झाली ती २०१४ मध्ये.

ज्यांनी आप्ताच्या उशाशी रुग्णालयात रात्री काढल्या आहेत, त्यांना यापुढचे सांगायला नको. कळ सुरू होते, आपण धावत सिस्टरांकडे जातो. त्यांना वेदना दिसते, ती किती काळ चालेल हेही कळते. पण कागदावर औषध लिहिलेले नसते आणि लिहिणारा सकाळी येणार असतो. अशा वेळी आपण त्यांच्यावर चिडतो. त्या जागी आणखी कोण असहाय आहे, हे फार उशिरा लक्षात येते.

ही असहायता अटळ नाही. युगांडात डॉक्टरांची संख्या अपुरी. तिथे २००४ मध्ये नियम बदलून, उपशामक शुश्रूषेचे विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार देण्यात आला. गरीब देशाने गरजेपोटी केलेली ही तडजोड आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ती एका जुन्या अन्यायाची दुरुस्ती वाटते. ज्ञान जिथे होते तिथे अधिकार पोहोचला. आपल्याकडे तो अद्याप डॉक्टरांपाशीच आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे का पाहावे? कारण परिचारिकेविषयीची आपली भाषा आपणच घडवली आहे. सेवेची मूर्ती, पांढऱ्या वेशातील देवदूत, करुणेचा स्पर्श : कथा-नाटकांतून, सत्काराच्या भाषणांतून ही विशेषणे आपण उदार हाताने वाटली. त्यांत अवमान काहीच नाही. पण ती सगळी अनुरागाची विशेषणे आहेत. मूर्तीला मत विचारायचे नसते, आणि देवदूताच्या हाती औषधाच्या कपाटाची किल्ली देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. चरकाच्या यादीत अनुराग तिसरा होता. पहिले ज्ञान होते. तो क्रम आपण केव्हा उलटा केला, हे शोधण्यासारखे आहे. आणि तोवर, वैद्य उठून गेल्यावर रुग्णापाशी उभी राहणारी जी कोणी आहे, ती काय जाणते हे तिला विचारण्यास हरकत नसावी.