झाड, टेबल आणि दोन किमती

आमच्या खरेदीच्या वेब ॲपला दुसरा डेटाबेस जोडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी खूश होते. आधीचा पोस्टग्रेस, टेबलांचा. साडीला लांबी, मिक्सरला वॉट, पुस्तकाला पानं. रिकामे कॉलम वाढतच चालले होते. म्हणून वस्तूंच्या माहितीसाठी मोंगोडीबी आणायचं ठरलं. तिथे प्रत्येक वस्तूचं स्वतःचं डॉक्युमेंट, हवी तेवढीच माहिती. वाटलं, काहीतरी नवं करतोय.

खरं तर ही रचना टेबलांहून जुनी. १९६० च्या दशकात अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून आयबीएमचं आयएमएस घडलं. त्यात माहिती झाडासारखी असे: खोड, फांद्या, पानं. आपलं डॉक्युमेंटही असंच झाड.

१९७० मध्ये आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी एका निबंधात या झाडाची अडचण दाखवली. सुटे भाग प्रकल्पाखाली ठेवायचे, की प्रकल्प भागांखाली? एक रचना निवडली की प्रोग्राम तिला बांधला जातो. ती बदलली की मोडतो. त्यांचा उपाय म्हणजे आजची टेबलं. तिथे कोणी कोणाच्या खाली नाही. प्रश्न विचारताना नातं जोडायचं.

मग झाड परत का आलं? वेबचा डेटा एका सर्व्हरवर मावेना, आणि अनेक सर्व्हरवर पसरलेली टेबलं जोडणं महाग पडतं. एका वस्तूचं सगळं एकाच डॉक्युमेंटमध्ये असलं की एकाच सर्व्हरला विचारून भागतं. जाहिरातींच्या डबलक्लिकमधून आलेल्या मंडळींनी २००७ मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली आणि २००९ मध्ये मोंगोडीबी बाहेर आलं.

आमच्याकडे ते आलं आणि महिन्याभरात एका ग्राहकाचा चिडून फोन आला. पानावर एक किंमत, बिलात दुसरी. विक्रेत्याने बदललेली किंमत माझ्या कोडने पोस्टग्रेसमध्ये लिहिली, तेवढ्यात नेटवर्क तुटलं, मोंगोत जुनीच राहिली. ट्रान्झॅक्शन एका डेटाबेसला सांभाळतं. दोघांच्या मधल्या फटीत कोणीच उभं नव्हतं.

आता किंमत आधी फक्त पोस्टग्रेसमध्ये लिहितो. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘हे मोंगोला कळवायचंय’ अशी नोंद पडते. वेगळा प्रोग्राम ती पोचवतो, जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. मोंगोतली किंमत थोडी मागे राहू शकते, म्हणून पैसे घेण्याआधी पोस्टग्रेसचीच दाखवतो.

एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की विसंगती येऊ शकते, हेही कॉड यांच्या त्याच निबंधात होतं. तो मी त्या फोननंतर वाचला. दुसरा डेटाबेस जोडताय? कनेक्शनच्या ओळी लिहिण्याआधी ठरवा: दोघांचं पटलं नाही, तर खरं कोणाचं?