वाळ्याच्या ताटीपासून कर्वेनगरच्या कुलरपर्यंत

आज पिकाऐवजी हवेबद्दल लिहितोय. पण शेवटी गोठ्यापर्यंत येणार आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

पुण्याचं कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. १९०० साली महर्षी कर्व्यांनी विधवांचा आश्रम शहरातून इथं हलवला, तो एका झोपडीत. भोवती मोकळा माळ. कर्वे इथून रोज पायी फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला जायचे. आज त्याच माळावर इमारतीला इमारत चिकटली आहे आणि मार्च लागला की घरोघरी कुलर बाहेर निघतात.

कुलर नवा, पण त्याची अक्कल जुनी. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते, आणि ती भोवतालच्या हवेतूनच जाते. माठातलं पाणी गार होतं ते यामुळंच. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात अंगणात सडा मारायच्या, त्यातही हेच.

उत्तरेत आणि इंग्रजांच्या छावण्यांत वाळ्याच्या ताट्या असत. वाऱ्याकडच्या दारात ताटी लावायची, भिश्त्यानं तिच्यावर पाणी मारायचं, की गरम झळ आत येताना गार आणि सुवासिक होऊन यायची. वारा पडला की सगळं ठप्प. म्हणून १९ व्या शतकात ‘थर्मअँटिडोट’ नावाचं यंत्र निघालं. मोठी लाकडी पेटी, बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत हातानं फिरवायचा पंखा, आणि पेटीचं तोंड खिडकीत. माणसाच्या जागी मोटर आणि भिश्त्याच्या जागी पंप ठेवला की झाला आपला डेझर्ट कुलर! पुढं वाळ्याच्या जागी लाकडाचा भुसकट काथ्या आला, मग मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आले. तत्त्व तसूभरही बदललं नाही.

आता मुद्द्याचं. ताटी दारात होती आणि पेटी खिडकीत होती, म्हणजे बाहेरची कोरडी हवा घ्यायची, ओली करून आत सोडायची आणि समोरून बाहेर जाऊ द्यायची. जुन्या घरात हे आपोआप व्हायचं, कारण समोरासमोर दारं, मधे चौक, कौलात फटी. फ्लॅटमध्ये कुलर आला पण वाट राहिली मागं.

माझी धाकटी बहीण कर्वेनगरात राहते. तिचा कुलर हॉलच्या मधोमध आणि खिडक्या गच्च बंद. म्हणाली, "दादा, खिडकी उघडली तर उकाडा आत येईल की!" सगळ्यांना असंच वाटतं. पण बंद खोलीत तीच ओली हवा पुन्हा पुन्हा पॅडमधून फिरते. अर्ध्या तासात हवेला आणखी पाणी पेलवत नाही, गारवा थांबतो आणि चिकचिक सुरू होते. कुलर खिडकीला लावला आणि समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली, तेव्हा फरक तिला स्वतःलाच कळला.

अंदाज असा धरा: ताशी १,७०० घनमीटर हवा देणाऱ्या कुलरला बाहेर जायला साधारण २ चौरस फूट उघडी जागा हवी.

कृषी शाखेच्या मित्रांसाठी आकडे. दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान २१ च्या आसपास येतं. चांगला पॅड त्या फरकाच्या ८० टक्के भरून काढतो, म्हणजे हवा २४–२५ अंशांवर. तेच पावसाळ्यात ३२ अंश आणि ७० टक्के असेल, तर ओला बल्ब २७ च्या पुढं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

यात आपला काय संबंध? कर्वेनगरच्या नळाला येतं ते खडकवासला साखळीचं पाणी. त्याच पाण्याच्या आवर्तनाकडं दौंड, इंदापूरचे शेतकरी डोळे लावून बसतात. शहरानं कुलर वापरूच नये असं मी म्हणणार नाही, एसीपेक्षा त्याला वीज फार कमी लागते. पण जे पाणी वाळवायचं त्याचा गारवा तरी पदरात पडावा.

आणि आपणही तेच करतो. गोठ्यात फॉगर लावतो, आडोशाला तिन्ही बाजूंनी कापड बांधतो, मग गाई धापा टाकतात म्हणून आणखी पाणी सोडतो. पोल्ट्रीच्या आणि पॉलिहाऊसच्या फॅन-पॅडमध्ये एका टोकाला पॅड नि दुसऱ्या टोकाला पंखे असतात ते उगाच नाही. कांदा चाळीत तर पाणी नकोच, तिथं नुसता वारा खेळता ठेवायचा. भाजी-फळं दोन-चार दिवस टिकवायची असतील तर दिल्लीच्या पुसा संस्थेनं दिलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बघा. दुहेरी विटांची भिंत, मधे ओली वाळू, वर सावली. वीज लागत नाही.

तेव्हा पाणी सोडायच्या आधी हवा कुठून येते आणि कुठून जाते ते बघा. उदबत्ती पेटवून धरली की धूर सांगतो. तुमच्या गोठ्यात धूर कुठं जातो, तेवढं खाली कळवा.