मिळवलं, तरी ‘क्षपण’ कसं?

मंडळी, परीक्षा जवळ आली की आपल्या तुमसर-भंडाऱ्याकडे बारावी सायन्सच्या प्रत्येक घरात एकच शब्द ऐकू येतो, ‘रिव्हिजन’. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. रसायनशास्त्राचे गुण मिळवून देणं आमच्या हातात नाही. पण संकल्पना जन्मते कशी आणि बदलते कशी, हा आमचा प्रांत. म्हणून आज एकाच जोडीची उजळणी करू: ऑक्सिडीकरण आणि क्षपण.

मध्यंतरी शेजारची मुलगी वही घेऊन आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. म्हणाली, “आजोबा, इलेक्ट्रॉन मिळवला तर त्याला क्षपण म्हणायचं. मिळवलं तर घटलं कसं? मला डोकंच नाही बहुतेक.” आम्ही म्हटलं, डोकं आहे म्हणून तर प्रश्न पडला. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा एक साक्षीदार आपल्याच जमिनीत आहे.

चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी आपण जाणतो. त्या चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मूळ १८९६ सालच्या एका सिंडिकेटमध्ये आहे. १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीने तिला आजचं रूप आलं. डोंगरी बुजुर्गचं काळं डायऑक्साइड खनिज बॅटरीच्या कामी येतं.

आता १७७४ सालात चला. स्वीडनमधला औषधविक्रेता शेले याने असंच काळं मँगनीज खनिज घेऊन त्यावर आजच्या भाषेत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. पिवळसर हिरवा, नाक झोंबवणारा वायू निघाला. तो क्लोरीन होता, पण तेव्हा ते कोणाला कळलं नाही. पुढे लाव्हाझिएने ज्वलनाचं कोडं सोडवलं: जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग. ऑक्सिडीकरण हे नाव तिथूनच आलं. उलट, खनिजातून ऑक्सिजन काढला की वजन घटतं. तिथे ‘क्षपण’ हा शब्द चपखल बसतो.

पण लाव्हाझिएला वाटलं, प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असणारच. म्हणून त्याच्या पंथाचे लोक त्या हिरव्या वायूलाही ऑक्सिजनयुक्त समजत राहिले. १८१० मध्ये डेव्हीने दाखवलं की हा वायू मूलद्रव्य आहे, त्यात ऑक्सिजन नाही. मग शेलेच्या भांड्यात क्लोरीनचं झालं काय? ऑक्सिजन न जोडता ऑक्सिडीकरण! याचा नीट उलगडा व्हायला इलेक्ट्रॉन सापडावा लागला. तो थॉमसनने १८९७ मध्ये दाखवला. त्यानंतर अर्थ बदलला: इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण, मिळवणं म्हणजे क्षपण. अर्थ नवा आला, नाव जुनंच राहिलं. आमच्या शेजारणीची अडचण नेमकी ही होती.

आता शेलेचं भांडं पुन्हा बघा. क्लोरीन उणे १ वरून शून्यावर गेला. त्याने इलेक्ट्रॉन दिला. मँगनीज अधिक ४ वरून अधिक २ वर आलं, त्याने घेतले. मिळवूनही ‘घटला’ तो ऑक्सिडीकरण अंक. जुन्या नावाला नव्या अर्थाशी जोडणारा दुवा हाच.

हेच सूत्र टॉर्चच्या सेलमध्ये लावा. जस्ताचं भांडं इलेक्ट्रॉन देतं, आतली मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड ते घेते आणि तिच्यातलं मँगनीज अधिक ४ वरून अधिक ३ वर येतं. डोंगरी बुजुर्गच्या प्रकल्पात याच्या उलट घडतं. मँगनीज सल्फेटच्या द्रावणातून वीज सोडतात, अधिक २ चं मँगनीज इलेक्ट्रॉन गमावून अधिक ४ होतं आणि ॲनोडवर डायऑक्साइड साचतो. ‘ॲनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण’ हे वाक्य मुलं रात्र-रात्र घोकतात, आणि ते रोज इथल्या कारखान्यात घडतं.

म्हणून पालकांना एक विनंती. पोरगं पुस्तक मिटून प्रश्न विचारत बसलं, तर वेळ वाया चालला असं समजू नका. आणि मुलांनो, कोणतीही अभिक्रिया समोर आली की आधी तिघांचा हिशेब मांडा: दिलं कोणी, घेतलं कोणी, अंक कोणाचा बदलला. नाव त्यानंतर लिहा. शंभर वर्षांहून जास्त काळ जाणत्यांनाही जिथे अडलं, तिथे तुम्हाला घटकाभर अडलं, तर त्यात लाज कसली?