साखळी करवतीचे चालक चक्र

साखळी करवतीतील ज्या लहान दातेरी चाकामुळे एंजिनाची गती कापणाऱ्या साखळीस मिळते, त्यास चालक चक्र म्हणतात. ते क्लचाच्या पेल्याशी जोडलेले असून त्यावर बहुधा ७ किंवा ८ दाते असतात. झाड आडवे तोडताना या चक्राकडे फारसे लक्ष जात नाही. मात्र ओंडका उभा चिरून फळ्या पाडावयाच्या असल्यास त्याची निवड महत्त्वाची ठरते.

इतिहास : दातेरी चाकाने कापणारी साखळी फिरविण्याची कल्पना लाकूडकामात नव्हे, तर शल्यचिकित्सेत प्रथम अवतरली. जर्मनीतील व्युर्ट्‌सबुर्ख येथील बेर्नहार्ट हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्याचे एक उपकरण तयार केले. त्यात मूठ फिरविली की दातेरी चाक फिरे व त्यामुळे पात्याभोवतीची बारीक साखळी चाले.

लाकडासाठी आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बनविली. तिचे वजन सु. ६४ किग्रॅ. असून ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंजियातील डोलमार टेकडीवर पेट्रोल एंजिनाच्या करवतीची चाचणी घेतली. एका माणसास पेलतील अशा करवती दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आल्या. १९४७ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांवरून सुचलेली नवी साखळी विक्रीस आणली. लाकूड ओरबाडण्याऐवजी ते तासून काढणारे दाते तिच्यात होते.

त्या काळच्या अनेक करवतींत एंजिन व साखळी यांच्यामध्ये गती कमी करणारी दंतचक्रे असत. त्यामुळे साखळी सावकाश चाले, पण तिची ओढ मोठी असे. एंजिने हलकी व वेगवान होत गेली, तशी ही दंतचक्रे वगळण्यात आली. १९५९ मध्ये श्टील यांच्या कारखान्याने बाजारात आणलेली ‘काँट्रा’ ही सु. १२ किग्रॅ. वजनाची करवत या प्रकारची होती. वजन घटले, परंतु वेग आणि ओढ यांचा मेळ घालण्याचे दंतचक्रांचे काम आता एकट्या चालक चक्रावर येऊन पडले.

कार्य : साखळीतील लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्म्यास तिचे अंतराल म्हणतात. चक्राचा एक दात साखळीस दोन अंतराले पुढे नेतो. ३/८ इंच (९.५२५ मिमी.) अंतरालाची साखळी ७ दात्यांच्या चक्राने एका फेऱ्यात सु. १३३ मिमी. सरकते, एंजिनाचे मिनिटास ९,००० फेरे होत असल्यास तिचा वेग सेकंदास २० मी. होतो. त्याच फेऱ्यांस ८ दात्यांचे चक्र लावल्यास वेग सु. २२.९ मी. होतो, म्हणजे १४ टक्क्यांनी वाढतो. पण साखळीची ओढ १२.५ टक्क्यांनी घटते. एक दात वाढविल्याने शक्ती वाढत नाही, तिची वाटणी तेवढी बदलते.

चिरकामासाठी निवड : पूर्वी युरोपात आणि भारतातही दोन करवत्ये ओंडक्याच्या वर व खाली उभे राहून तो उभा चिरीत. तेच काम साखळी करवत चौकटीत बसवून करतात. यात दात्यांना तंतूंची टोके कापावी लागत असल्याने विरोध अधिक होतो आणि एंजिन कित्येक मिनिटे पूर्ण भाराखाली चालते. रुंद व कठीण ओंडक्यासाठी म्हणून ७ दाते सुरक्षित असतात. मऊ लाकूड, अरुंद काप आणि समर्थ एंजिन असल्यास ८ दाते चालतात. चक्र मोठे झाले तर एंजिनाचे फेरे मंदावतात, त्याबरोबर थंड हवा देणारा पंखाही मंदावतो, क्लच घसरतो आणि एंजिन तापून निकामी होऊ शकते. वेगाच्या लोभाने केलेली निवड अशी महागात पडते.

चक्र व साखळी यांचे अंतराल एकच असावे लागते. वापराने रिव्हेट झिजून साखळी लांबते आणि चक्रावर खाचा पडतात. झिजलेल्या चक्रावर नवी साखळी लवकर खराब होते. यासाठी सामान्यतः दोन साखळ्यांनंतर चक्र बदलतात. चक्राचे कडे सुटे असल्यास तेवढेच बदलता येते.

महत्त्व : साखळी करवतीच्या कापाची रुंदी सु. ८ ते १० मिमी. असते. ९ मिमी. कापाने २५ मिमी. जाडीच्या फळ्या पाडल्यास चौथ्या हिश्शाहून अधिक लाकडाचा भुसा होतो. घानाने १९९८ मध्ये अशा चिरकामातून निघालेल्या लाकडाच्या व्यापारास बंदी केली. तथापि रस्ता नसलेल्या जंगलात पडलेले झाड जागच्या जागी चिरून फळ्या खांद्यावरून आणण्याची सोय हेच साधन देते. भुशाचे प्रमाण चक्राच्या दात्यांवर नव्हे, तर साखळीच्या जाडीवर अवलंबून असते. परंतु बारीक अंतरालाची अरुंद साखळी निवडली की चक्रही तिला जुळणारेच घ्यावे लागते. म्हणून लाकूड, एंजिन, साखळी व चक्र यांचा एकत्र विचार करणे इष्ट ठरते.